रूटमामा

नगरला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारपेठेत कुणालाही 'रूटमामांचं घर कुठं?' म्हणून विचारा, तो हातातलं काम न सोडता बोट दाखवील. पण त्यांना रूटमामा का म्हणतात ते विचारलंत तर बहुतेक जण चुकीचं सांगतील. "एसटीत होते ना ते, तारकपूर स्टँडला. वाहतूक नियंत्रक. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, करमाळा, कुठल्या रूटला किती गाड्या, सगळं तोंडपाठ." माणूस एसटीतला, म्हणून रूटमामा. हिशेब सरळ वाटतो, पण नोकरीत असताना त्यांना सगळे नुसतं मामाच म्हणत. 'रूट' ही पदवी निवृत्तीनंतरची आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली. लिनक्स नावाची जी संगणकप्रणाली आहे, तिच्यात सर्वाधिकाऱ्याला रूट म्हणतात. तो कुठलीही फाइल उघडू शकतो, कुणाचीही पुसू शकतो, आणि त्याला 'का?' म्हणून कुणी विचारत नाही. सगळी नोकरी ड्रायव्हर, कंडक्टर, प्रवासी आणि साहेब या चौघांच्या 'का?'ला उत्तरं देण्यात गेलेल्या माणसाला ही जागा आवडली नसती तरच नवल.

मामा उंचीनं बेताचे, आवाजानं मात्र माळीवाड्यापर्यंत पोचणारे. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरी. त्या दोरीला नोकरीत असताना शिट्टी असे, आता पेनड्राइव्ह असतो. बोलणं अजून ध्वनिक्षेपकावरचंच. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर काही डाउनलोड होत असलं की मामा डोळे मिटून जाहीर करतात, "चाळीस टक्के... पंचेचाळीस टक्के... प्रवाशांनी कृपया माउसला हात लावू नये."

लिनक्स त्यांच्याकडे चक्क टपालानं आलं. उबुंटूवाले त्या काळी मागेल त्याला सीडी फुकट पाठवत. २०११ पर्यंत ही सोय होती. मामांनी निवृत्तीच्या वर्षी नाव-पत्ता कळवला आणि महिन्याभरानं परदेशी शिक्क्याचं पाकीट दारात आलं. भिंगारात तोवर परदेशाहून टपाल येई ते लष्करातल्या कुणाचं तरी. त्यामुळे पोस्टमनसोबत निम्मी गल्ली आत आली. पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा मामांनी अर्थ सांगितला, "माणसांसाठी लिनक्स." मामी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला कशाला पाठवलं?"

तेव्हापासून मामा प्रचारक झाले. लिनक्सचं मोठेपण सांगताना ते नेहमी घरच्या दाखल्यांपासून सुरुवात करतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली, म्हणजे सार्वजनिक मालकीची गोष्ट कशी चालवायची ते नगरकरांना शिकवायला नको. लिनक्सही सार्वजनिकच. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहिला आणि जगापुढे उघडा ठेवला. ज्याला पटेल त्यानं घ्यावा, बदलावा, आपली वेगळी शाखा काढावी. या शाखा काढण्याला 'फोर्क' म्हणतात. "म्हणजे काय मामा?" असं एकदा कॉलेजच्या पोरानं विचारलं. मामांनी खिडकीतून बाहेर हात केला. "१४९०. मलिक अहमदनं इथं, या भिंगारजवळ बहामनी फौज उधळली आणि आपलं राज्य वेगळं मांडलं. निजामशाही म्हणजे बहामनीचा फोर्क. आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही, एकूण पाच फोर्क. मूळ माल तोच, वॉलपेपर वेगळा." पोराला परीक्षेत या प्रश्नाचे किती मार्क मिळाले ते समजलं नाही.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सात-बारा, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज, लग्नपत्रिकेची प्रुफं, असा किरकोळ धंदा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि तीन दिवस दुकान बंद पडलं. चौथ्या दिवशी मामा आले, गळ्यातली दोरी काढली आणि कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून गेले. पैसे घेतले नाहीत, दोन कप चहा घेतला. कबूल करायला हवं, की त्यानंतर व्हायरस आला नाही. त्या जागी मामा येऊ लागले.

मामांचा विश्वास असा, की चालू असलेली वस्तू ही फक्त अजून तपासली न गेलेली वस्तू असते. उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. आकड्यातच साल आणि महिना असतो. समंजस माणसं दोन वर्षांनी येणारी टिकाऊ आवृत्ती घेतात आणि मधल्या तिन्ही सोडून देतात. मामांना ते पटत नाही. "नवं वेळापत्रक लागल्यावर जुन्या वेळेला गाडी सोडतो का आपण?" असं विचारून ते खुर्चीत बसतात. मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर.

२०१७ च्या ऑक्टोबरात तर योगच जुळून आला. आवृत्ती १७.१० जाहीर झाली ती नेमकी १९ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. संध्याकाळी मी वह्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली होती. मॉनिटरवर हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडू. दुसऱ्या दिवशी पाडव्याला मामा सकाळीच हजर. "साडेतीन मुहूर्तांतला आहे. आज टाकू." मामी फराळाचं ताट द्यायला आल्या होत्या, त्यांनी जाता जाता सांगितलं, "साडेतीनातला हा अर्धा आहे बरं का."

दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. पडदा नवा, चित्रं नवी. मी एक सात-बारा काढून पाहिला, निघाला. प्रिंटर चालू, स्कॅनर चालू, इंटरनेट चालू. मी म्हटलं, "झालं मामा, लाडू घ्या." मामांनी लाडू हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं जीपार्टेडवर क्लिक केलं.

जीपार्टेड म्हणजे डिस्कचे तुकडे पाडण्याचं अवजार. ते उघडायला रूटचा अधिकार लागतो, म्हणून ते आधी पासवर्ड विचारतं. त्यानं विचारला, मामांनी दिला. बाण थोडा वेळ गोल फिरला आणि थांबला. खिडकी उघडली नाही. तक्रार नाही, माफी नाही, काहीच नाही. मामांनी पुन्हा क्लिक केलं. मग सिनॅप्टिक, म्हणजे सॉफ्टवेअर घालण्या-काढण्याचं त्यांचं लाडकं अवजार, तेही तसंच. पासवर्ड घेतला आणि गप्प.

"बिघाड," मामा म्हणाले. लाडू तसाच कीबोर्डवर ठेवला, झेंडूशेजारी.

यानंतर जे झालं ते मी रांगेनं सांगतो. मामांनी आधी माउस बदलला. मग मागच्या सगळ्या वायरी काढून फुंकर मारून परत बसवल्या. मग डबा उघडून रॅम काढली आणि माझ्या काउंटरवरचं खोडरबर घेऊन तिचे सोनेरी दात घासले. हा उपाय भारतात प्रत्येक संगणकरोगावर करतात आणि तो दहातून एकदा लागू पडतो, म्हणून उरलेल्या नऊ वेळा कुणी त्याला नावं ठेवत नाही. शेवटी त्यांनी काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडलं आणि तिथूनच हुकूम दिला. टर्मिनल स्पष्टवक्तं असतं. त्यानं सांगितलं, 'डिस्प्ले उघडता येत नाही'.

"डिस्प्ले माझ्या डोळ्यासमोर उघडा आहे!" मामा ओरडले. "मी रूट आहे!"

एव्हाना फॉर्म भरायला आलेली दोन पोरं परत गेली होती. मी हळूच विचारलं, "मामा, प्रिंटर चालतोय, फॉर्म निघतायत. ते जीपार्टेड आपण शेवटचं कधी वापरलं होतं?"

"वापरायचा प्रश्न नाही. ते उघडलं पाहिजे."

मग माझ्या लक्षात आलं. गाडी उत्तम धावत होती. मोडला होता तो डिकीतला जॅक. आणि जॅक मोडला म्हणून मामांनी भर रस्त्यात गाडी उभी करून प्रवासी खाली उतरवले होते.

आमच्या दुकानात रोज संध्याकाळी एक सुभेदारसाहेब बसतात. भिंगारला लागूनच छावणी, रणगाड्यांचं दल इथं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथं. त्यामुळे निवृत्त फौजी आमच्याकडे गल्लोगल्ली. सुभेदारांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही आणि ते तसं मोकळेपणी सांगतात. त्या संध्याकाळी ते आले, तोवर मामांनी मोबाइलवर शोधून कारण काढलं होतं आणि रागारागानं मला वाचून दाखवत होते. कारण असं होतं. लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या काढण्याचं काम इतकी वर्षं एक्स नावाची व्यवस्था करत आली. ती १९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीत जन्मली, आणि स्वभावानं भोळी. एका पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या तिला घरच्याच वाटत. एका खिडकीत तुम्ही पासवर्ड टाइप करत असाल, तर शेजारची खिडकी तो डोकावून वाचू शकत असे. नव्या आवृत्तीनं एक्सला बाजूला करून वेलँड नावाची व्यवस्था आणली होती. तिचं काम २००८ मध्ये सुरू झालं, आणि तिच्यात हा शेजारधर्म बंद. प्रत्येक खिडकीला आपापली खोली. पडदा असतो लॉगिन केलेल्या माणसाचा, आणि दुसरा कुणी तिथं येऊन खिडकी मांडू लागला तर त्याला बाहेर काढतात. तो दुसरा प्रत्यक्ष रूट असला तरीही.

"घरच्या मालकाला घरात घेत नाहीत म्हणजे काय!" मामा म्हणाले.

सुभेदार मिशीला हात लावून म्हणाले, "यात नवीन काय आहे? रात्री संत्रीसमोर जनरलसाहेब आले तरी तो आधी म्हणतो, 'थम! कौन आता है?' ओळख पटल्याशिवाय पुढं पाऊल नाही. आणि साहेब रागावत नाहीत. संत्रीनं न विचारता सोडलं, तर मात्र रागावतात."

मामा गप्प झाले. पण पटले नव्हते.

"बरं, प्रिंटर कसा चालतो मग?" सुभेदारांनी विचारलं. "त्यालाही साहेबाचा अधिकार लागत असेल."

प्रश्न अडाण्याचा होता आणि नेमका होता. प्रिंटरची, तारीख-वेळेची, नेटवर्कची खिडकी ही साध्या कारकुनासारखी उघडते. एखाद्या गोष्टीला सही लागली तर तेवढा कागद घेऊन ती पोलकिट नावाच्या आतल्या अधिकाऱ्याकडे जाते, तुमच्याकडून पासवर्ड घेते, सही मिळाली की परत टेबलावर. जीपार्टेड आणि सिनॅप्टिक जुन्या वळणाची. ती आख्खा कारकूनच साहेबाच्या खुर्चीत बसवतात. संत्री त्यांना अडवत होता आणि बरोबर अडवत होता. पेनड्राइव्ह साफ करायला 'डिस्क्स' नावाचं दुसरं अवजार शेजारीच होतं, ते सहीच्या पद्धतीनं चालतं, म्हणून निमूट उघडत होतं. मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नियंत्रकाला कुणी सही आणायला पाठवत नसतं.

तोडगा अखेर मामांनीच शोधला, आणि तो सोपा निघाला. बाहेर पडायचं, आणि लॉगिनच्या पाटीवर पासवर्ड देण्याआधी तिथं जे दातेरी चाकाचं चिन्ह असतं ते दाबायचं. त्यात दोन नावं येतात, नुसतं 'उबुंटू' आणि 'उबुंटू ऑन झॉर्ग'. दुसरं निवडलं की जुनी भोळी व्यवस्था परत. जीपार्टेड उघडलं. मामांनी ते डोळे भरून पाहिलं आणि लगेच बंद केलं. त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

मामांची एक वही आहे, लॉगशीटसारखी आखलेली. तारीख, वेळ, ब्रेकडाऊनचं ठिकाण, कारण, उपाय, शेरा. त्या रात्री त्यात लिहिलं गेलं: 'मार्ग बदलून गाडी सोडली.'

पुढच्या एप्रिलात १८.०४ आली आणि त्या आवृत्तीनं आपण होऊन पुन्हा जुन्या एक्सलाच मुख्य केलं. मामा पेढे घेऊन आले. "माझं ऐकलं," असं त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, सात-बारा न्यायला आलेल्या म्हाताऱ्यालाही. पण त्याच आवृत्तीत जीकेसुडो नावाची जुनी पायरी काढून टाकली होती, आणि मामांनी पडद्यावर हौसेनं मांडलेली सगळी बटणं त्याच पायरीवर पाय ठेवून उभी होती. एकूण अकरा बटणं, अकराही मुकी.

या वेळी मामा चिडले. वायरी नाहीत, खोडरबर नाही. 'आता सगळा पडदाच रूटच्या नावानं उठवतो' म्हणून त्यांनी थेट काळ्या पडद्यावर जाऊन तसा हुकूम दिला. पडदा उठला. अकराही अवजारं हाताला लागली. मामांनी तासभर राज्य केलं, मग थकून कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेले.

सकाळी मी दुकान उघडलं. लॉगिनची पाटी आली, पासवर्ड दिला, पडदा लुकलुकला आणि पुन्हा लॉगिनची पाटी. पुन्हा दिला, पुन्हा पाटी. पासवर्ड चुकला असंही म्हणत नाही. तिकीट काढावं, पुढच्या दारानं गाडीत चढावं आणि मागच्या दारानं त्याच फलाटावर उतरावं, तसं. मी दहा वेळा चढलो आणि उतरलो. मग मामांच्या घरी गेलो आणि डबाच त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवला.

मामांच्या कसबाबद्दल मी कधी शंका घेतली नाही आणि त्या दिवशीही घेणार नव्हतो. त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन दाबून मागच्या दाराचा काळा पडदा उघडला. तिथं चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, नुसती अक्षरं. माझ्या खात्यातल्या फाइलींची यादी काढली, टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींसकट. प्रत्येक ओळीत मालकाचं नाव असतं. ओळीमागून ओळ माझं नाव. मामी मागून खुर्चीच्या पाठीला रेलून पाहत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येतं. मामांना वाटतं त्यापेक्षा बरंच.

"ती बघा," त्यांनी बोट ठेवलं. "तिथं दुसऱ्याचं नाव आहे."

मामांनी चष्मा वर केला. लॉगिनच्या वेळी लागणारी एक छोटी फाइल. आदल्या रात्री सगळा पडदाच सर्वाधिकाऱ्याच्या नावानं उठवला, तेव्हा ती माझ्या नावावरून त्याच्या नावावर झाली होती. आता मला माझीच फाइल लिहिता येत नव्हती, म्हणून गाडी मला खाली उतरवत होती. मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं 'रूट'. गटाच्या रकान्यातही 'रूट'.

"दोनदा लिहिलंय," मामी म्हणाल्या. "म्हणजे नक्की तुम्हीच."

फाइल माझ्या नावावर परत करायला एक ओळ पुरली. कॉम्प्युटर सुरू झाला. मामांनी वही उघडली, तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि 'कारण' या रकान्यापाशी पेन बराच वेळ धरून ठेवलं. नोंद खोटी करायची नाही, हा त्यांचा नोकरीपासूनचा बाणा. शेवटी लिहिलं: 'रूट.' 'उपाय' या रकान्यात मामींनी चहा ठेवला.

यातून मामा सुधारले असतील असं कुणाला वाटत असेल तर त्यानं भिंगार पाहिलेलं नाही. आमच्याकडं आलमगीर नावाचं ठिकाण आहे. सगळी दुनिया मुठीत घेतो असं नाव लावणारा बादशहा १७०७ मध्ये इथंच संपला, तरी सर्वाधिकाराचा मोह गावातून गेला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पेपरात आलं, की संरक्षण मंत्रालय आपल्या कॉम्प्युटरांवर विंडोज काढून उबुंटूच्या पायावर बेतलेली 'माया' नावाची प्रणाली बसवणार. त्या दिवशी मामा छावणीच्या रस्त्यानं अशा ऐटीत चालत गेले, की सुभेदारांना सॅल्यूट करावा की नाही असा प्रश्न पडला.

मात्र २०२५ च्या ऑक्टोबरातली आवृत्ती टाकल्यावर मामा पहिल्यांदाच गप्प बसलेले मी पाहिले. लॉगिनच्या पाटीवरचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबलं, तर झॉर्गचं नाव तिथून गेलं होतं. आता राज्य फक्त वेलँडचं. मार्ग बदलून गाडी सोडायची सोय कायमची संपली. मामांनी थोडा वेळ पाटीकडे पाहिलं. मग शेजारचं 'डिस्क्स' उघडलं. त्यानं सही मागितली, मामांनी पासवर्ड दिला. खिडकी उघडीच होती, तिथल्या तिथं काम झालं.

"चालतं हे," मामा म्हणाले. दुसऱ्या कुणाचं तरी कौतुक केल्यासारखं.

वहीत शेरा पडला: 'जुना मार्ग बंद. नवीन मार्गानं गाडी वेळेत.' सुभेदारांनी तो वाचून खाली आपली सही केली.

तुमच्याही गावात एखादा रूटमामा असेलच. तो आला तर त्याला नाही म्हणू नका. व्हायरसपेक्षा तो परवडतो आणि पैसे घेत नाही. फक्त चहा टाकायच्या आधी तुमच्या कामाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या, आणि तो पेनड्राइव्ह घरात मामींकडे ठेवायला द्या.